दोन निळ्या खुणांचं आवतन

नवा फोन निवडायला बंडूजींना सव्वीस दिवस लागले. मुलीचं स्थळ त्यांनी याच्या निम्म्या दिवसांत पक्कं केलं होतं. ही माहिती त्यांच्या बायकोनं, कोकिळाकाकूंनी, आमच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडताना दिली. वर पुन्हा म्हणाल्या, "जावयाले तरी एकडाव पाह्यलं. फोनले चारदा पाहून आले."

नालवाडीत आमच्या घरासमोरच त्यांचं घर आहे. जिल्ह्याच्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं बसून बंडूजी निवृत्त झाले. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर क्रमांक, आणि पोच. कागद पुढे कोणी वाचला का, त्यातल्या माणसाचं काही झालं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पोच मिळाली की काम झालं. घरीही ते असेच वागत. मुलगी सुरभी सासरी जाताना रडली, तेव्हा हे मांडवाच्या दारात उभं राहून आहेराच्या पाकिटांवर नावं लिहीत होते.

वर्ध्यातल्या दुकानदारानं विचारलं होतं, "काका, फोनवर तुम्ही काय काय करता?"

"ते तू नको इचारू. याच्यात काय काय होते, ते सांग."

त्यानं सांगितलं. बंडूजींना त्यातलं पाव कळलं आणि सगळं आवडलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चंद्राचे फोटो काढून स्टेटसवर लावले. श्रावणातले दिवस, आभाळ भरलेलं; अकरा फोटोंमध्ये राखी रंगाशिवाय काही नव्हतं. गल्लीनं ते पाहिले, कारण न पाहिल्यास बंडूजी सकाळी विचारत, "काऊन, काल चंद्र नाई पाह्यला?"

फोनमागोमाग बाकीची वरात आली. फाटकावर कॅमेऱ्याची घंटी. बैठकीत बोलल्यावर दिवे लावणारा एक डबा. आणि आपोआप घर झाडत फिरणारं चपटं यंत्र, जे रोज दिवाणाखाली अडकायचं आणि काकू खराट्याच्या दांड्यानं त्याला बाहेर ओढायच्या. डब्याला वऱ्हाडी कळत नसे. मग बंडूजी त्याच्याशी सरकारी पत्रातल्यासारखं बोलत: "कृपया बैठकीतील दिवा सुरू करावा." डब्यानं ऐकलं नाही तर त्यांचा आवाज आणखी मऊ होई. इतका मऊ आवाज त्यांच्या गळ्यात आहे, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. दिवा लागला की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "च्या आन व!"

काकू म्हणाल्या, "एकडाव माह्यासंगही असं बोलून पाहा. मीबी दिवा लावतो का नाई, ते समजन."

त्याच वर्षी महालक्ष्म्या त्यांच्या घरी यायच्या होत्या.

या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे भादव्यातल्या गौरी, केळझरला काकूंच्या थोरल्या जाऊबाई तानाबाईंकडे बसत. थोरले दीर गेल्यावरही तानाबाईंनी त्या चालवल्या. कोकिळाकाकू सत्तावीस वर्षं दर भादव्यात केळझरला जाऊन पुरण वाटत, सोळा भाज्या चिरत, आंबील ढवळत. पितळी मुखवट्यांना त्यांचा हात कधी लागला नाही. तो मान थोरलीचा. आता तानाबाईंचे गुडघे राहिले नव्हते. धाकटा दीर भूपेंद्र सिंदीला असतो, त्याच्या घरीही मुखवटे जाऊ शकत होते. काकूंनी मागून घेतले. मागताना रडल्या, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसल्या.

तानाबाईंनी एकच अट घातली. "आवतन चूलबंद पाह्यजे, कोकिळा. मांडलेलं पान रिकामं राह्यलं, तर माह्या लक्ष्म्या सिंदीले जातीन."

चूलबंद आवतन म्हणजे बोलावलेल्या घरातल्या तान्ह्या लेकरापासून आलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना जेवायचं आमंत्रण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. सकाळी दारात येऊन कुंकू लावून आवतन द्यायचं, आणि पानं मांडली की पुन्हा दारात येऊन बोलवायचं. हा दुसरा बुलावा आल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. न बोलावता गेलं तर माणूस भुकेला ठरतो. बंडूजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. गल्लीतल्या एका बारशाला दुसरा बुलावा राहून गेला, तेव्हा हेच बंडूजी संध्याकाळपर्यंत उपाशी बसले होते आणि पुढे तीन वर्षं त्या घराशी बोलले नव्हते.

पण आता त्यांच्याकडे फोन होता.

त्यांनी गल्लीतल्या सतरा घरांचा ग्रुप काढला. कोणी त्यात फुलांची चित्रं टाकू नयेत म्हणून लिहिण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवला. मग लक्ष्म्यांच्या फोटोहून मोठ्या अशा स्वतःच्या फोटोखाली आवतन टाकलं: चूलबंद, सहकुटुंब, दुपारी एक वाजता. काकू हळदीकुंकवाची कोयरी घेऊन निघाल्या होत्या. त्यांना फाटकातून परत फिरवलं.

"सतराच्या सतरा घरी पोहचलं. हे पाय, दोन दोन निळ्या खुना. पोच आहे पोच!"

"कुंकू कोन लावन?"

"त्याच्यात कुंकवाचं चित्र टाकलं ना."

पूजेच्या दिवशी आमची चूल बंद होती. एक वाजला. समोरच्या घरातून पुरणाचा वास रस्ता ओलांडून आमच्या बैठकीत येऊन बसला. दीड वाजला. आई नवं लुगडं नेसून, केसांत शेवंती माळून, पंख्याखाली ताठ बसली होती. मी म्हटलं, "चल ना, समोर तर आहे."

"बुलावा आला का?"

"एक वाजताचं लिहिलं होतं."

"लिहू दे. बिनबुलाव्याचं जायाले मी काय रस्त्यावर पडली काय?"

खिडकीतून पाहिलं तर गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी नटून बसलेलं. शेजारच्या अनुसयाबाईंचा नातू बिस्किटासाठी रडत होता आणि त्या त्याला दटावत होत्या, "आज चूलबंद आहे, बिस्कुट नाई भेटत." सगळ्यांच्या हातात फोन. सगळ्यांच्या फोनमध्ये तो ग्रुप. त्यात बुलाव्याचं विचारायचं तर लिहिता येत नव्हतं, आणि स्वतःहून फोन लावून 'जेवायला येऊ का' म्हणणारं आमच्या गल्लीत कोणी जन्मलं नव्हतं.

समोरच्या घरात काय चाललं होतं, ते काकूंनी नंतर सांगितलं. टांगलेल्या करंज्या-पापड्यांच्या फुलोऱ्याखाली दोन्ही लक्ष्म्या उभ्या. वीस पानं मांडलेली, त्यांवर मीठ आणि लिंबाची फोड सुकत चाललेली. तानाबाई खुर्चीवर. बंडूजी फाटकाच्या कॅमेऱ्यातून फोनवर रस्ता पाहत होते. रस्त्यावर एक बकरी होती.

"बुलावा देऊन या ना," काकू म्हणाल्या.

"बारा वाजता आठवन गेली सगळ्यायले. सतरानं पाह्यली."

"पाह्यली म्हनजे बोलावलं का?"

"मंग आनखी काय, हात धरून आनू? शिकलेले लोकं आहे सारे."

अडीच वाजता तानाबाई खुर्चीचे हात धरून उठल्या. "भाऊजी, भूपेंद्रले फोन लावा. गाडी घेऊन ये म्हना. माह्या लक्ष्म्या रिकाम्या पानापुढं उभ्या नाई राहात."

आणि बंडूजींनी फोन लावला. यावर माझा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता, पण काकू शपथेवर सांगतात. बायकोचे सत्तावीस भादवे त्या खोलीत उभे होते आणि हा माणूस नंबर शोधत होता, कारण कोणीतरी फोन लावायला सांगितलं होतं. भूपेंद्र जेवत असावा. त्यानं उचलला नाही. बंडूजी म्हणाले, "मेसेज टाकून देतो."

काकू तोवर फाटकाबाहेर पडल्या होत्या.

मी त्यांना खिडकीतून पाहिलं. पायात चप्पल नाही, हाताच्या कोपरापर्यंत बेसन, डाव्या हातात कोयरी. रस्ता तापलेला होता. त्या पहिल्यांदा अनुसयाबाईंकडे गेल्या, मग आमच्याकडे. त्यांनी आईच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं.

"बाई, आवतन द्याले आली अन् बुलाव्यालेही आली. दोन्हीचं एकच कुंकू समजा. चला, पानं मांडली."

दीड तास पुतळ्यासारखी बसलेली माझी आई त्यांचं वाक्य संपायच्या आत चपला घालून रस्त्यात होती. काकू तिसऱ्या घराकडे वळेपर्यंत पहिली दोन घरं त्यांच्या फाटकातून आत गेली. सतराव्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा पहिली पंगत बसली होती आणि वाढायला गल्लीतल्या बायका पदर खोचून उभ्या होत्या.

फाटकावरची घंटी प्रत्येक माणसामागे सांगत होती, "दारात कोणीतरी आलं आहे. दारात कोणीतरी आलं आहे." साठेक वेळा झाल्यावर तानाबाई म्हणाल्या, "थ्याले सांगा बाप्पा, आमाले दिसून राह्यलं."

एकही पान रिकामं राहिलं नाही. उलट भात पुन्हा टाकावा लागला. बंडूजी पंगतीतून फोन घेऊन फिरत होते, प्रत्येकाला घास तोंडाशी थांबवायला लावत होते. त्या रात्रीचं त्यांचं स्टेटस होतं: 'माझ्या नियोजनाला गल्लीचा उदंड प्रतिसाद.' फोटोत काकू कुठंच नव्हत्या. आंबिलीचं भांडं मात्र होतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. मुखवटे हळदीच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवले गेले. ते काकूंनी ठेवले. तानाबाई नुसत्या पाहत होत्या. पेटीला पितळेचं जुनं कुलूप. किल्ली तानाबाईंच्या कमरेला होती. ती सोडवायला त्यांना वेळ लागला.

"लक्ष्म्या इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "पन कोकिळा, पुढच्या वर्सी मले आवतन द्याले तूच येजो. केळझर काई दूर नाई."

"येईन, बाई."

बंडूजी पेटीशी वाकून कुलूप निरखत होते. म्हणाले, "वयनी, आता फोनवरून उघडनारं कुलूप भेटते. बोट ठेवलं का झालं. मी पाहून ठेवलं आहे."

काकूंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि पदर कमरेला खोचला. मग तानाबाईंसाठी चहा ठेवायला आत गेल्या. बंडूजींनी त्यांच्यामागून आपलाही एक कप टाकायला सांगितलं, नेहमीच्याच आवाजात.