सुमेधाची कन्व्हेन्शन, मुरलीधरांची बस

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुरलीधर भावे राहतात. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बिल्डिंगमध्ये त्यांची ओळख एकच, डॉक्टरीणबाईंचे मिस्टर. बायको सुमेधा दातांची डॉक्टर.

दर वर्षी ती अमेरिकेत दंतवैद्यांच्या कन्व्हेन्शनला जाते आणि हे सोबत. तिकडे म्हणे माणसं कन्व्हेन्शनला जत्रेसारखी जातात, अख्खं कुटुंब घेऊन. डॉक्टर मंडळी भाषणं ऐकतात, आणि त्यांच्या नवऱ्याबायकांना आयोजक बसमधून गाव दाखवतात. त्या बसमध्ये बायकाच फार. पुरुष दोनच, मुरलीधर आणि आयोवाचा वेन. वेन शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. दोघं मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या चुका काढतात.

यंदा आमच्याकडे चहा घेताना सुमेधा म्हणाली, "मी नाही जात बाई. तीच ती भाषणं, घरबसल्या झूमवर ऐकेन."

"बरोबर आहे तुझं," मुरलीधर म्हणाले. "खलास. विषय संपला."

फार पटकन म्हणाले. एरवी हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरही अर्धा तास वाद घालतो.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले, हातात खजुराचा भला मोठा डबा.

"कुणाला एवढा?"

"वेनला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. यंदा काठीशिवाय बसमध्ये चढून दाखवतो म्हणालाय." मग जरा ओशाळून, "आता कुरियर करीन."

"सुमेधाला बोललात?"

"छे! कन्व्हेन्शन तिची, मी आपला पाहुणा. माझ्यापायी तिनं कशाला एवढा प्रवास करायचा?"

मी संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी जाऊन सुमेधाला सांगून टाकलं. ती तडक हॉलमध्ये मुरलीधरांसमोर आली. सोफ्यावरून त्यांची लेक केया म्हणाली, "फायनली! बाबा हॅज बीन सल्किंग, आई. कालपासून तोंड पाडून बसलेत."

"अरे मुरली, तोंड नाही का तुला?" सुमेधा कडाडली. "जगाला 'आ करा' म्हणते मी, आणि घरात हा असा!"

"तू दमतेस गं..."

"मग भाषणं निम्मीच ऐकेन. एक दिवस तुमच्या बसमध्ये येणार, वेनला बघायला."

मुरलीधरांचा चेहरा खुलला, पण भाव खायची संधी सोडतील तर ना!

"आमच्या बसमध्ये डॉक्टरांना घेत नाहीत," ते म्हणाले. "वेनला विचारून बघतो."

आणि आयोवात अजून उजाडलंय की नाही, याचा विचार न करता त्यांनी फोन लावला.