तागा आणि चिंध्या

ते प्रकरण आठवलं की आधी हसू येतं आणि मग चीड. चीड कशाची ते स्पष्टच सांगतो. पोलिसात येण्यापूर्वी मी गावोगाव पत्रकं वाटत हिंडलो आहे, त्यामुळे गोल गोल लिहिणं मला जमत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मुरुडच्या ठाण्यात नवा फौजदार होतो. परदेशी कापडावर जकात अशी चढवलेली की एडनच्या बाजारात खलाशाला सहज परवडणारं कापड मुंबई बंदरात उतरलं की त्याच्या आवाक्याबाहेर जाई. कापडापेक्षा जकातच जड. देशी गिरण्या जगाव्यात म्हणून हे करतो, असं सरकार सांगे. जगाव्यात की, माझी ना नव्हती. पण बडी मंडळी बिनजकातीच्या टेरिलीनचे शर्ट घालून सभांना जात होती आणि अडवला जात होता तो काखेत एक तागा घेऊन उतरलेला गरीब माणूस.

एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच बाजारातले एक कापडवाले शेठ ठाण्यात आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खुर्ची पुढे सरकवून त्यांनी खबर दिली. मोहल्ल्यातला एक खलाशी रजेवर आलाय, त्याच्या घरी चोरटं परदेशी कापड आहे आणि बायकोने ते गोधडीत घातलंय.

"साहेब, गोधडी उसवा," ते म्हणाले. "वरून बघून काही कळायचं नाही."

हवालदार आणि दोन पंच घेऊन मी निघालो. लपवलेला माल शोधायला गेलो खरा, पण शोधायचं काही नव्हतंच. अंगणात दोरीवर गोधडी उन्हात टाकलेली होती आणि तिच्यावर निळी-पिवळी परदेशी फुलं रस्त्यावरून दिसत होती. मुलीचा निकाह येत्या शुक्रवारी. गोधडी तिच्याबरोबर श्रीवर्धनला सासरी जायची होती. एवढ्यात गुन्हा नोंदला गेला असता तर बापाची जहाजावरची नोकरी गेलीच असती, आणि चोराची मुलगी म्हणून सोयरीकही मोडली असती. हे सगळं घरातल्या बायकांच्या तोंडावर दिसत होतं.

खलाशाच्या बायकोला मी विचारलं, "भाबी, या कापडाची जकात भरली का?"

"कापड कुठं हाय, साहेब? ह्या चिंध्या हायत."

मला वाटलं, बाई थट्टा करते. पंचनामा केला, गोधडी ताब्यात घेतली आणि नवऱ्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत माणसं दोन प्रकारची भेटतात. खोटं बोलणारा पाठ करून आल्यासारखा सरळ सांगतो, खरं बोलणारा लाजत, अडखळत सांगतो. हा गडी मानेपर्यंत लाल झाला होता. त्याने सांगितलं ते असं. मुंबई बंदरावर त्याने जकातीचा आकडा ऐकला. पैसे नव्हते, कापड समुद्रात फेकून द्यायला निघाला. तेव्हा जकातीचा कारकूनच कंटाळून म्हणाला, अरे, ताग्यावर जकात असते, चिंध्यांवर कोण घेतो? मग यानं तिथंच, कारकुनासमोर, अख्खा तागा दातांनी धरून टराटर फाडला.

"बायकू तरी काय करनार व्हती त्याचं?" तो मला म्हणाला. "गोधडीला फाडनारच व्हती. मी तिचं काम बंदरावरच उरकलं."

हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. तो खोकला नव्हता.

मी बंदरावर तार केली. उत्तर आलं, चिंध्या पाहिल्या, सोडल्या. गोधडी निरखली तर एकही तुकडा कात्रीने कापलेला नाही, प्रत्येक काठाला दशा लोंबत होत्या. बाईने अक्षरशः खरं सांगितलं होतं.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण शेठचं वाक्य डोक्यातून जाईना. कापड वर होतं, चारचौघांना दिसत होतं. मग "उसवा" का म्हणाला हा माणूस? गोधडीच्या पोटात काही असतं, हे त्याच्या मनात आलंच कसं?

हवालदाराला विचारलं, शेठच्या दुकानात गोधड्या असतात का. तो म्हणाला, "गोधडी कुनी इकत घेतं व्हय, साहेब? ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या लुगड्यांची असते ती."

एसटी स्टँडवर मात्र निराळंच कळलं. शेठची गोधड्यांची गाठोडी रेवसच्या गाडीच्या टपावर नेमाने चढत होती, तिथून लाँचने मुंबईला. पुढचं गाठोडं आम्ही खाली उतरवलं. शेठ धावत आले. मुंबईच्या पाहुण्यांना थंडी वाजते म्हणाले. मुंबईत, वैशाखात.

"शेठ, तुम्हीच सांगितलंत, उसवा," असं म्हणून मी टाका तोडला. वर विटकं लुगडं, खाली विटकं लुगडं, आणि मधे अखंड टेरिलीन, किनारीसकट, कंपनीच्या छापासकट. रात्रीच्या होड्यांनी किनाऱ्यावर उतरलेला माल होता तो.

मग मोहल्ल्यातल्या बायका बोलत्या झाल्या. शेठ त्यांच्याकडून या गोधड्या शिवून घ्यायचे. एकट्या खलाशाच्या बायकोनेच नकार दिला होता. नवं कापड आत आणि फाटकं वर, ही कसली उलटी गोधडी, असं ती पाणवठ्यावर मोठ्याने बोलली होती. तिचं तोंड बंद करायला शेठ माझ्या ठाण्यात आले होते.

शेठवर खटला झाला, शिक्षा झाली. खलाशाची गोधडी मी गुरुवारीच परत केली.

खबर देणारा काय सांगतो त्याबरोबर तो ते कुठून शिकला हेही विचारावं, हे मी तिथं शिकलो आणि सगळी नोकरी त्याच्यावर काढली. दुसरी गोष्ट खात्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणून इथं लिहितो. ज्याने जकात बुडवली त्याचा तागा अखंड राहिला. ज्याने कायदा मानला त्याला आपला तागा दातांनी फाडावा लागला. असा कायदा करणाऱ्यांनी एकदा बंदरावर बसून तो आवाज ऐकायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी नवरीचा टांगा श्रीवर्धनच्या वाटेवरची होडी धरायला आगरदांड्याच्या धक्क्याकडे निघाला. ठाण्यासमोर आमच्या हवालदाराने हात आडवा करून तो थांबवला आणि करड्या आवाजात विचारलं, गाठोड्यात काय आहे.

नवरी रडत होती. पदराआडून तिनेच उत्तर दिलं, "चिंध्या," आणि रडता रडता टांग्यात सगळ्यांच्या आधी तीच हसली.