एका माणसाचा ओला कचरा

अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाज्या निवडण्यात ललिताबाईंची उमर गेली. दुधीच्या साली, कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या. टोपल्याच्या टोपल्या भरायच्या. मग काम सुटलं, नवरा गेला, मुलगा बायकोला घेऊन बंगळुरूला राहायला गेला. घरात वाटीभर भाजी शिजू लागली.

दिवाळीच्या सुमारास स्नेहल नावाची मुलगी सोसायटीत आली. आशियातल्या शहरांत घरोघरी ओला कचरा किती निघतो, त्याचं घरच्या घरी खत होतं का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिने काही घरांत खताचे डबे ठेवले, त्यातला एक ललिताबाईंच्या गॅलरीत. दर रविवारी येऊन ती आठवड्याच्या कचऱ्याची बादली काट्याला टांगायची आणि मग डब्यात रिकामी करायची.

ललिताबाईंच्या बादलीने काटा जेमतेम हलायचा. समोरच्यांची बादली दोन्ही हातांनी उचलावी लागे. ललिताबाईंना उगाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी गवार, मेथी, कोबी पिशव्या भरभरून आणले आणि रोज चौघांचा स्वयंपाक रांधला. एकटीने खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं बादलीत गेलं.

"मावशी, पाहुणे आले होते का?" काटा बघत स्नेहलने विचारलं.

"हो. मुलगा-सून."

"किती दिवस होते? लिहावं लागतं मला."

खोटं बोलून तर झालं होतं, पण ते पुढे रेटणं त्यांना जमेना. "कोणी नव्हतं आलं गं," त्या म्हणाल्या. "मीच रांधलं."

स्नेहलने आकडा खोडला. रागावली मात्र नाही. "कमी कचरा म्हणजे कमीपणा नाही, मावशी. जपानात कितीतरी घरांत एकच माणूस असतं. अशा घरांचं काय करायचं, हाही आता अभ्यासाचा विषय झालाय."

"तिथल्या बायका काय करतात मग?"

"माझ्या वाचनात नाही आलं," स्नेहल म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अभ्यास संपला. बाकीच्यांचं खत झालं होतं. ललिताबाईंचा डबा तापलाच नव्हता. कुजायला लागणारी ऊब थोडक्या कचऱ्यात धरत नाही म्हणे. डबा तुमच्याकडेच राहू द्या, असं सांगून स्नेहल गेली. ललिताबाईंनी झाकण काढून आत हात घातला. साली तशाच होत्या, गार.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा त्यांनी डबा खाली नेऊन रिता केला. घरी येऊन धुतला आणि गॅलरीत पालथा घातला.