अवेळी वाजलेला भोंगा

रेवाला सोडायला आम्ही सिॲटलच्या विमानतळावर गेलो, तेव्हा मी तिची बॅग पुन्हा पुन्हा उचलून बघत होतो. बॅग एकच, तीही पाठीवरची. वजनाचा काही प्रश्नच नव्हता. पण अशा वेळी बापाच्या हाताला काहीतरी काम लागतं.

"बाबा, स्टॉप. इट्स अ बॅकपॅक," ती म्हणाली.

मनीषा, म्हणजे माझी बायको, गाडीतून उतरलीच नाही. "उतरले तर हिला ओढून परत आत बसवीन," म्हणाली आणि सीटबेल्टसुद्धा न काढता समोर बघत राहिली. रेवानं खिडकीतून वाकून तिला मिठी मारली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. अमेरिकेत लोक हॉर्न देत नाहीत असं मी पंचवीस वर्षं भारतातल्या नातेवाइकांना सांगत आलोय. त्या दिवशी नेमका दिला.

पोरगी पोलंडला चालली होती आणि तिथून रेल्वेनं युक्रेनमध्ये, कारण तिकडं विमानं उतरत नाहीत. आत गेल्यावर थोड्या वेळानं तिचा मेसेज आला. जवसाच्या चटणीची बरणी बाजूला काढून, तिच्यावर कापडाची पट्टी फिरवून, त्यात स्फोटकं आहेत का ते तपासत होते. "आजीची रेसिपी इज अ सिक्युरिटी थ्रेट," असं लिहिलं होतं. मी मोठ्यानं हसलो. मनीषा हसली नाही. मग माझंही हसू गेलं. आमच्या घरात त्या पट्टीला खरोखर सापडेल असा माणूस एकच होता, माझे वडील, अण्णा.

विदर्भातल्या आमच्या कॉलनीतली जी मंडळी आज न्यू जर्सीपासून नागपूरपर्यंत पसरली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमचं गाव म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना आणि त्याच्या कुंपणाबाहेरची क्वार्टर्स. अण्णा तोफगोळ्यांत दारू भरायच्या विभागात होते. त्यांचे तळवे कायम पिवळट असायचे, नुकतीच हळद लागल्यासारखे. कामावरच्या कपड्यांना खिसे नसत. काडीपेटी, किल्ली, नाणं, काहीही चुकून आत जायला नको म्हणून. आमच्या घरातलं धान्य गोळ्यांच्या जुन्या लाकडी पेट्यांत, माझं अभ्यासाचं टेबलसुद्धा त्याच फळ्यांचं. युद्ध लागलंय हे आम्हाला रेडिओच्या आधी कळायचं. ओव्हरटाइम सुरू व्हायचा.

मी निघालो तो कारगिलच्या वर्षीचा ऑगस्ट. लढाई थांबली होती, पण रिकामी कोठारं भरायची होती, त्यामुळे अण्णांना सुट्टी नव्हती. अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस करायला निघालेला मुलगा आणि त्याची आई, असे आम्ही रिक्षा कारखान्याच्या गेटवर थांबवून उभे राहिलो. अण्णा बाहेर आले. बाप म्हणून काहीतरी द्यावं असं वाटलं असणार, कारण त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, आणि खिसाच नव्हता. मग डोक्यावर ठेवायला हात उचलला, तळव्याकडे पाहिलं आणि तोही खाली घेतला. "जा. गाडी चुकंन," एवढं म्हणाले आणि आत गेले. रिक्षा वळेपर्यंत मी त्या गेटकडे बघत राहिलो आणि मनात ठरवलं, आपण असं काम करायचं की ज्याचा आवाज होत नाही.

तसंच केलं. गेली कित्येक वर्षं मी सिॲटलजवळच्या रेडमंडमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. ज्या कंपनीमुळे हे गाव ओळखलं जातं तिथं नाही, तिच्या पार्किंगपासून दोन सिग्नल पुढं. माझ्या कामानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही आणि बुरंही. लोक इनव्हॉइस अपलोड करतात, एवढंच. पाऊस पडतो, बस येते, मी अपलोड करू देतो.

आणि माझी मुलगी, ॲन आर्बरलाच रोबोटिक्स शिकून आलेली, इथल्याच एका छोट्या कंपनीत ड्रोनचं काम करते. आधी आम्हाला वाटलं, औषधं पोचवणारे ड्रोन. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी पॉटलकमध्ये मी तसं अभिमानानं सांगितलंही. मग एका रविवारी पोहे खाताना तिनं नीट सांगितलं.

तिकडं आता पुढच्या ठाण्यांपर्यंत ट्रक जाऊच शकत नाही. रस्त्यावर काही हललं की वरून ड्रोन येऊन आदळतो. आघाडीच्या मैलोन् मैल मागंसुद्धा रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणलीत, ड्रोन अडकावेत म्हणून. त्यामुळे पुढं बसलेल्यांना सगळं हवेतून पोचवायचं. यांची कंपनी तसले मोठे ड्रोन बनवते. पण इथं छान उडणारे ड्रोन तिकडं सिग्नल जाम झाला की वेड्यासारखे भरकटतात. सिग्नल नसला तरी खालची जमीन बघून ड्रोननं रस्ता ओळखावा, हे रेवाचं काम.

"पोचवायचं म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"वॉटर. मेडिसिन्स. बॅटरीज."

"आणि?"

तिनं चमचा खाली ठेवला. "अँड द अदर थिंग, बाबा. शेल्स कमी पडतायत तिथं. जे आहेत ते पोचत नाहीत."

शेल्स म्हणजे तोफगोळे, अण्णा भरायचे तसले. मनीषानं विचारलं, "ते इथून कॉम्प्युटरवर नाही का करता येत? तुझे बाबा सगळं झूमवर करतात."

"आई, मागच्या महिन्यात चाललेली गोष्ट या महिन्यात चालत नाही. समोरचे रोज बदलतात. इथं कळेपर्यंत तिथं जुनं झालेलं असतं. समबडी हॅज टू गो." मग जरा हळू म्हणाली, "मी आघाडीवर नाही जाणार. शहरात वर्कशॉप आहे. बेसमेंट आहे."

बेसमेंट आहे, हे तिनं आम्हाला धीर द्यायला सांगितलं होतं.

ती पोचली त्याच दिवशी मी एक ॲप घेतलं. त्यात युक्रेनमधला जिल्हा निवडायचा. तिकडं हवाई हल्ल्याचा इशारा झाला की फोन सायलेंटवर असला तरी भोंगा वाजतो. धोका टळला की दुसरा आवाज येतो. रेवाशी ठरवलं होतं की पहिला भोंगा झाला की तिनं खाली बेसमेंटमध्ये जाऊन नुसतं एक टिंब पाठवायचं. टिंब आलं की मी निर्धास्त. म्हणजे तसं तिला सांगायचो.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. तिमाहीचं प्लॅनिंग चाललं होतं. सगळे दचकले, एकजण उठून दाराकडे गेला. "सॉरी, माय डॉटर," म्हणालो. आमच्या मॅनेजरबाईंना वाटलं, ती मी मुलीसाठी ठेवलेली रिंगटोन आहे. "शी मस्ट कॉल अ लॉट," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

त्या आवाजानं मी थेट कॉलनीत जात असे. आमचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. शिफ्ट लागली की भोंगा, सुटली की भोंगा. आई शेगडीजवळ ताटं मांडून बसायची, पण वाढायची नाही. भूक लागली म्हणून आम्ही गलका केला की म्हणायची, "भोंगा होऊ दे. मग वाढते." वेळेवर भोंगा झाला म्हणजे आत सगळं ठीक. अवेळी झाला, तर क्वार्टर्समधल्या सगळ्या बाया आहेत त्या कपड्यांत गेटवर जाऊन उभ्या राहायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. एकदा मी आईच्या पदराला धरून तसा उभा राहिलोय. त्या वेळी काहीच झालेलं नव्हतं, सराव होता. पण घरी आल्यावर ती पीठ संपेपर्यंत पोळ्या लाटत राहिली.

आई आता नाही. अण्णा एकटेच, कॉलनीला लागून बांधलेल्या घरात. त्यांना आम्ही सांगितलं होतं की रेवा पोलंडला कॉन्फरन्सला गेलीय. परदेशातले आपण सगळेच आईवडिलांशी असं वागतो. आजारपणं, गेलेल्या नोकऱ्या, मोडलेली लग्नं, सगळं बरं झाल्यावर सांगायचं.

रोज सकाळी चहाच्या वेळी अण्णा मला व्हिडिओ कॉल करतात. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि रेवाकडे ऐन पहाट. त्या दिवशी ते मला घरामागच्या कडुलिंबावर माकडांनी काय धुमाकूळ घातला ते सांगत होते, आणि माझ्या हातातच भोंगा वाजला.

अण्णांना कमी ऐकू येतं. माझं बोलणं तिसऱ्यांदा कळतं. हा आवाज मात्र एका झटक्यात पोचला. कप खाली ठेवला. उठून उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे भोंग्याची वेळ नाही."

"अण्णा, तुमच्याकडे नाही. माझ्या फोनमध्ये..."

"काऊन रे? तुह्या फोनमधी भोंगा कायले?" मग ते खाली बसले. फोन डोळ्यांजवळ ओढला. "पोरगी कुठं हाय?"

"पोलंडला, सांगितलं ना."

"पोलंडात भोंगे वाजून रायले का? मी टीव्ही पाहतो बावा. मले काय लहान पोरगं समजलं का?"

मग सांगितलं सगळं. सांगताना एक डोळा फोनच्या कोपऱ्यावर. टिंब आलं नव्हतं. एरवी दोन घोट चहा होईपर्यंत येतं.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, "गोळे नेते का तिचं यंत्र?"

"हो."

"नेताना हालते का?"

"अं?"

"दणके बसतात का? उतरवताना आपटते का? तिले सांग, बांधाचं पक्कं पाहिजे. सैल बांधलं का माणूस जाते." आयुष्यभर कारखान्याबद्दल घरी एक अक्षर न बोललेला हा माणूस. मी म्हटलं, सांगतो.

मनीषा बाहेरून आली, माझा चेहरा बघून तशीच कोट न काढता शेजारी बसली. तिनं रेवाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. ॲपमधला नकाशा लाल होताच. बातम्यांमध्ये त्या शहरावर ड्रोन आल्याचं एका ओळीत आलं आणि मी तो टॅब बंद केला.

"अण्णा, ठेवू का? तुमचा चहा गार होतोय."

"ठेवू नको." मग म्हणाले, "मी तं सदा गेटाच्या आतच राहो. आत काही वाटत नाही रे, हातात काम असते. बाहेर उभं राहणं काय असते, मले माहीतच नाही. ते सारं तुह्या मायनं केलं." आणि कप बाजूला सारून, "तिले कधी इचारलं नाही."

मी फोन तसाच चालू ठेवला. तिकडं लिंबावर माकडं ओरडत होती, इकडं डिशवॉशर चालू होता.

मग दुसरा आवाज आला, धोका टळल्याचा. अण्णांनी मान वर केली. पण टिंब नव्हतं. मनीषानं माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. आवाज थांबल्यावरची ती शांतता भोंग्याहून वाईट होती. गेटवरच्या बायका का बोलत नसत ते मला त्या वेळी कळलं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नसतो.

फोन थरथरला. रेवा.

"सॉरी सॉरी. आज ॲटॅकमध्ये नेटवर्कच बंद होतं. बेसमेंटमध्येच होते. ऑल गुड. चटणी संपली, टीमनं ब्रेडवर खाल्ली. पाठवता येईल का?"

मी वाचून दाखवलं. मनीषा रडत रडत तिला मराठीतल्या सगळ्या ठेवणीतल्या शिव्या टाइप करत सुटली. अण्णा म्हणाले, "चटणीले हो म्हण," आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

या गोष्टीला काही आठवडे झाले. रेवा परत यायची होती, आली नाही. तिकडं पुन्हा काहीतरी बदललंय, शिकलेलं सगळं नव्यानं करायचंय, म्हणून मुक्काम वाढवलाय. आम्ही भांडून झालं. ती माझीच मुलगी आहे, गाडी चुकू नये म्हणून निघालेली. त्या दिवशी माझी रिक्षा वळल्यावर गेटच्या आत अण्णांच्या मनात काय चाललं होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मला लोक विचारतात, घरची आठवण येते का? पूर्वी माझ्याकडे उत्तर तयार असायचं, त्यात लिंबाचं झाड आणि लाकडी पेट्यांचं टेबल असायचं. आता विचारलं की मी घोटाळतो. अण्णांनी हट्टानं तेच ॲप माझ्याकडून आपल्या फोनवर घालून घेतलंय. त्यामुळे आता एकच भोंगा एकाच वेळी रेडमंडच्या स्वयंपाकघरात, विदर्भातल्या अण्णांच्या ओट्यावर आणि मी कधीही न पाहिलेल्या एका शहरात वाजतो. तो वाजला की आमच्याकडे जेवण थांबतं. कुणी तसं ठरवलेलं नाही. ताटं मांडलेली असतात आणि आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसतो.

मग टिंब येतं, नंतर दुसरा आवाज येतो. आणि लगेच अण्णांचा फोन. हॅलो नाही, काही नाही. ते एवढंच म्हणतात,

"झाला रे भोंगा. वाढ आता."