युरियाच्या टाकीतलं पाणी

जे आता लिहितोय ते आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, ज्याच्याबरोबर वीस वर्षं हात काळे केले त्या भागीदारापाशीही नाही. एकदा सांगायचं म्हणून बेल्ह्याजवळच्या एका घरापर्यंत गेलो होतो. आतून भांड्यांचा आवाज आला – आणि मी मोटरसायकल वळवली.

मी पोकलेन दुरुस्त करतो. मंचरला आमचं गॅरेज आहे, पण काम बहुतेक रानातच. मशीन जिथे बंद पडेल तिथे जायचं. नव्या मशीनला बिघाड शोधायला लॅपटॉप जोडावा लागतो, आणि तो जोडता येणारा त्या वेळी आमच्या भागात मी एकटाच होतो. लोक म्हणायचे, याचा लॅपटॉप खोटं बोलत नाही. खरंच आहे. लॅपटॉप कधीच खोटं बोलला नाही.

थोडं मशीनचं सांगावं लागेल. डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यातला पाण्यासारखा द्रव सायलेन्सरमध्ये फवारला जातो, म्हणजे धुरातलं विष कमी होतं. युरिया आणि शुद्ध पाणी यांचं ते मिश्रण, म्हणून सगळे त्याला नुसतं युरिया म्हणतात. टाकीत एक सेन्सर असतो. द्रव नीट आहे की नाही, ते तो इंजिनाला कळवत राहतो. त्याच्याकडून काही वेडंवाकडं आलं की इंजिन आपली ताकद कमी करून घेतं. मग नुसती माती उचलायची तरी मशीन कण्हतं.

अशाच एका मशीनवर गेनूभाऊ ऑपरेटर होते. वडिलांपर्यंत घरात मेंढरंच, थोरला भाऊ अजून राखतो. यांनी मात्र पंचविशीत मशीनचा दांडा धरला तो सोडला नाही. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. जमिनीतल्या पाइपलाइनीला धक्का न लावता तिच्याभोवतीची माती काढून दाखवायचे. मी दिसलो की ओरडायचे, "डॉक्टर आलं, आता पेशंट वाचत नाय!" – आणि चहाचा पहिला कप मलाच द्यायचे.

पेठ गावाच्या वरच्या अंगाला शेततळ्याचं काम चालू होतं, तिथे हे मशीन अडलं. लॅपटॉप लावला. सेन्सरचा कोड आला. कोड काय सांगतो? एवढंच, की सेन्सरकडून येणारी खबर चुकीची आहे. ती का चुकीची, ते माणसानं शोधायचं. द्रव खराब असेल, सेन्सर खराब असेल, नाहीतर मधली वायर. आधी द्रव तपासायचा, सगळ्यात सोपं तेच. मी तपासला नाही. सरळ सेन्सर बदलला आणि घरी आलो. चार दिवस मशीन चाललं. पाचव्या दिवशी पुन्हा तोच कोड.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मशीनचे शेठही येऊन उभे होते. या वेळी मी रीतीनं काम केलं. द्राक्षबागवाले मण्यातली साखर बघायला एक नळी वापरतात ना, डोळ्याला लावायची – तशीच नळी या द्रवासाठी मिळते. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायची, आत रेघ दिसते. पाणी जास्त असेल तर रेघ खाली येते. मी बघितलं. रेघ जिथे हवी, अगदी तिथेच होती.

मग वायर. टाकीमागे हात घातला आणि सोललेली तांब्याची तार बोटाला लागली. वायर लोखंडी पट्टीच्या कडेवर आवळून बांधलेली होती, आणि मशीनच्या थरथरीनं तिचं कातडं गेलं होतं. कोणी बांधली होती? दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसला ती टाकी मीच उतरवली होती. वायर बांधायच्या प्लास्टिकच्या टायचं उरलेलं टोक मी नेहमी तिरकं कापतो. ते तिरकं होतं.

"काय निघालं?" शेठनी विचारलं.

माझी चूक आहे – एवढंच म्हणायचं होतं. ते चिडले असते, फार तर हसले असते. गॅरेज बंद पडलं नसतं. मी म्हणालो, "टाकीत भेसळ आहे."

"भेसळ? आन् माझ्या टाकीत?" गेनूभाऊ चहाचं पातेलं तसंच ठेवून आले.

मी त्यांना विचारलं – शेठसमोर, अगदी सहज आवाजात – घरी युरियाची गोणी असते का?

"असती की. कोणाच्या घरी नसती राव?"

शेताच्या युरियाचं पाणी करून कोणी कोणी टाकीत ओततात, हे शेठ ऐकून होते. ते गेनूभाऊंकडे बघत राहिले. मी काय विचारलं आणि का विचारलं, मला पुरतं कळत होतं.

गेनूभाऊ म्हणाले, "मला बघू द्या त्या नळीत."

इथे तरी थांबता आलं असतं, नाही का? मी पाण्याच्या बाटलीनं फडकं भिजवलं, काच पुसल्यासारखं केलं, आणि ती ओलीच ठेवून वर टाकीतला थेंब टाकला. नळी त्यांच्या हातात दिली. कुठली रेघ बघायची तेही मीच समजावलं.

"लई खाली हाय की वो," ते म्हणाले. भांडले नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीशी माणूस भांडणार कसा?

मी टाकी रिकामी केली, धुतली, नवा द्रव भरला. मधल्या वेळात वायरला टेप गुंडाळून ती मोकळी बांधली. मशीन पहिल्यासारखं चालू लागलं. भेसळ काढली म्हणूनच चाललं, असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी शेठनी गेनूभाऊंना घरी पाठवलं. मशीनवाले सगळे एकमेकांना ओळखतात. भेसळ खरी का, असं कोणी विचारलं की मी होकारानं मान हलवायचो. नारायणगावपासून घोडेगावपर्यंत त्यांना पुन्हा कोणी मशीनवर बसवलं नाही. आता ते भावाची मेंढरं राखतात.

हेच ते, असं तुम्हाला वाटेल. मीही बरेच महिने स्वतःला तेच सांगत होतो – एवढंच केलंय. पण हे सगळं नाही.

वर्षभरानं मेव्हण्यासाठी बैल बघायला बेल्ह्याच्या बाजारात गेलो होतो. मेंढरांच्या बाजूनं हाक आली. गेनूभाऊंच्या घरच्या, पार्वतीवहिनी. दिराबरोबर दोन कोकरं विकायला आल्या होत्या. दीर गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्या कोकराची दोरी धरून माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, तुमाला एक इचारायचं व्हतं. हे कामावरनं येताना आळेफाट्यावनं युरियाचं कॅन आणायचे, रातभर घरी ठिवायचे. रिकामी कॅन बी तिथंच असायची, ते खरं हाय. ह्यांचं म्हणणं, माझ्या हातनं तर पाणी पडलं न्हाई, म्हंजी तूच रिकाम्या कॅनात पाणी भरून ठिवलं आन् तेच मशीनवर गेलं. मी न्हाई भरलं वो. त्या कॅनाला मी कवा पाण्यासाठी हात लावला न्हाई. वरीस झालं, माझ्याशी धड बोलत न्हाईत. तुमी बघितलं व्हतं मशीन. तुमीच सांगा."

त्यांना दुसरं काही नको होतं. नवऱ्याचं काम परत मागत नव्हत्या, माझ्यावर संशयही नव्हता. उलट खरं काय ते मलाच ठाऊक असणार, म्हणून आल्या होत्या.

शेठ तिथे नव्हते. ओळखीचं कोणी ऐकत नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं.

"चुकून होतं असं, वहिनी," मी म्हणालो. "मुद्दाम कोण करतं?"

मऊ आवाजात म्हणालो. धीर दिल्यासारखं.

त्यांनी दोरीचा हाताला एक वेढा दिला, सोडला, पुन्हा दिला. वर्षभर घरात कोणी विश्वास ठेवत नसताना ही बाई आपल्याला आठवतं त्यावर ठाम राहिली होती. म्हणाल्या, "मग भरलं असंल मीच. ध्यानात नसंल राह्यलं." आणि दिरानं हाक मारली तशा गेल्या. दोन पावलं जाऊन वळल्या, बाजार झाला की घरी चहाला या म्हणाल्या.

त्यांनी पाणी भरलं नव्हतं. कोणीच भरलं नव्हतं.