श्रीरंगची विकेट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुमचं-माझं काही नातं नाही — आणि नात्यातल्या माणसाला हे सांगायची माझी छाती नाही. झालं. पहिली कबुली तर हीच.

पण आधी माझी थोडी बढाई ऐकून घ्या. तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या अदालतीत नकलनवीस होतो. फैसल्यांच्या उर्दू नकला करायच्या, मुळाशी ताडून बघायच्या आणि खाली लिहायचं — 'नक्कल मुताबिक असल'. म्हणजे मुळाबरहुकूम. माझ्या नकलेत एक नुक्ता, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडं व्हायचं नाही. वकीलमंडळी माझ्या अक्षराची नक्कल मागून घ्यायची. अभिमान होता मला त्याचा. होता कशाला म्हणू — आहे!

शुक्रवारी अदालतीला सुट्टी. त्या दिवशी छावणीच्या मैदानावर क्रिकेट रंगायचं. खेळणारे पुष्कळ, पण नियम कुणाला ठाऊक? बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं जाताना नियमांचं इंग्रजी पुस्तक मला दिलं होतं. मी त्याची उर्दू नक्कल केली आणि तीच सगळ्या संघांची 'किताब' झाली. साहजिकच पंचही मीच. पगार नाही, पाणी नाही, चहा मिळायचा. पण पांढरा कोट चढवून उभा राहिलो की फौजदारसुद्धा 'पंचसाहेब' म्हणायचा. काय सांगू तुम्हांला, त्या कोटात मी दोन बोटं उंच व्हायचो.

आता त्या नकलेबद्दल. पुस्तकात एक कलम होतं — फलंदाजानं एकच चेंडू दोनदा मारला तर तो आऊट. इथवर सोपं होतं. पण पुढं एक लांबलचक, गुंतागुंतीची ओळ होती. मी ती चारदा वाचली. अर्थ लागेना. अदालतीत इंग्रजी जाणणारे दोघं-तिघं होते. विचारायचं की नाही? पण विचारायचं कसं? ज्याला सगळं शहर नियम विचारतं, त्यानं दुसऱ्याला विचारायचं? मी ती ओळ गाळली. आणि खाली सवयीनं लिहिलं — नक्कल मुताबिक असल.

श्रीरंग माझा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या संघाचा सगळ्यांत चांगला फलंदाज — हे मी भाऊ म्हणून नाही, पंच म्हणून सांगतो. त्या हिवाळ्यात जालन्याच्या संघाशी सामना होता. संघ चालवणारे वकीलसाहेब त्या सामन्यावरून हैदराबादला पाठवायचे खेळाडू निवडणार होते, आणि तिथं निवडलेल्यांना सरकारी खात्यात नोकरी मिळत होती. श्रीरंग तेव्हा बेकार होता. लग्न ठरत नव्हतं. आईनं त्या दिवशी देवापुढं दोनदा दिवा लावला.

तो सुरेख खेळत होता. मग एक चेंडू त्यानं खाली दाबला, तो फिरत फिरत मागं स्टंपांकडं निघाला, आणि श्रीरंगनं वळून तो बॅटनं दूर लोटला. जालन्याच्या विकेटकीपरनं उगाच, हसत हसत अपील केलं. मी बोट वर केलं. तत्क्षणी! दोनदा मारला, आऊट.

श्रीरंग हलेना. "दादा, विकेट वाचवायला मारला मी. त्याला चालतंय. हैदराबादचे खेळाडू सांगत होते."

"किताबात नाय," मी म्हटलं.

"मग असल किताब दाखव ना."

सगळ्या मैदानादेखत. मला! मी म्हटलं, "पंचाशी हुज्जत घालतोस? चल, नीघ." तो गेला. आम्ही थोडक्यात हरलो.

मैदानावर माझं काय कौतुक झालं म्हणता! जालन्याच्या लोकांनी मला मिठ्या मारल्या. "वा पंचसाहेब, सगे भाई को भी नहीं छोडा!" वकीलसाहेबांनी स्वतः पान दिलं. मी घरी आलो तो तरंगतच.

आलो आणि पेटीतून पुस्तक काढलं. कशाला काढलं? श्रीरंगच्या तोंडावर मारायला — दुसरं काय. ती लांबलचक ओळ पुन्हा वाचली. आणि या वेळी, तो चेंडू डोळ्यांसमोर असल्यामुळं, ती एका वाचनात समजली. स्वतःची विकेट वाचवण्यासाठी दुसऱ्यांदा मारता येतं. म्हणजे श्रीरंगनं केलं ते बरोबर होतं.

ऊन अजून अंगणात होतं. वकीलसाहेबांचं घर हाकेच्या अंतरावर. निवड दुसऱ्या दिवशी व्हायची होती. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, बस. चूक प्रत्येकाची होते, तिला मी लाजत नाही. चूक तिथं संपली असती.

मी ते पान फाडलं आणि अंगणातल्या बंबात घातलं. त्याच पाण्यानं अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला विचारलं — हुज्जत घालणारा माणूस पाठवावा की नाही? मी म्हणालो, आधी त्यानं पंचाची माफी मागावी. आणि त्यानं मागितली, हो. अकरा जणांसमोर, मान खाली घालून, मला 'पंचसाहेब' म्हणून. मी ती ऐकून घेतली. तरीही त्याला घेतलं नाहीच. नियम न मानणारा, असा शिक्का बसला तो बसलाच.

चार दिवसांनी त्यानं घरी पेटी उघडली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण पानांवरचे आकडे वाचता येत होते. पुस्तक चाळत तो एका जागी थांबला. मी म्हणालो, "वाळवी लागली रे त्याला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "लई शिकलेली वाळवी दिसतीय, दादा. बरोबर एकच पान खाल्लं." आणि पुस्तक होतं तसं ठेवून दिलं. पुन्हा त्यानं बॅटला हात लावला नाही. पुढं लासूर स्टेशनच्या जिनिंगमध्ये लागला आणि जन्मभर तिथंच कापसाच्या गाठी मोजल्या.

आणि मी? मी तीस वर्षं पंच राहिलो. कुठं गेलो की लोक तो किस्सा सांगायचे — सख्ख्या भावाला आऊट देणारा माणूस! श्रीरंगही सांगायचा. लग्नाकार्यात चार पाहुण्यांत मला पुढं ओढून, हसून सांगायचा, "हा आमचा दादा. यानं मलासुद्धा सोडलं नाय." पाहुणे वाहवा करायचे. तो माझ्या डोळ्यांत बघायचा, आणि मी — मी मान ताठ करून ती वाहवा घ्यायचो. खोटं कशाला बोलू, आजही तो किस्सा कुणी काढला की आधी माझी छातीच फुगते. मग बाकीचं आठवतं.

श्रीरंग मागच्या वर्षी गेला. शेवटच्या आठवड्यात मी लासूरला त्याच्या उशाशी तीन दिवस बसून होतो. बोलायला वेळच वेळ होता. आम्ही पावसापाण्याचं बोललो.

पेटी अजून माझ्याकडं आहे. पुस्तकही आहे, एक पान कमी. आणि ती उर्दू नक्कल आहे. तिच्याखाली माझं सुरेख अक्षर आहे, सही आहे. काल ती काढली. जिथं ती ओळ गाळली होती तिथं, समासात, ती आठवून लिहिली. अक्षर बिघडलं. त्याखाली निकालही लिहिला, पंचाला द्यावा लागतो तसा —

श्रीरंग, नाबाद.