करमतंय का?

आयटी पार्कजवळच्या माण गावातल्या आमच्या घरमालकीण आक्कांनी कुणाला "कसे आहात?" असं कधीच विचारलं नाही. "करमतंय का?" एवढाच त्यांचा प्रश्न. नळावर, जिन्यात, गाडी काढताना, कुठेही गाठून. खोल्यांमधली बिहारची पोरंसुद्धा तो शब्द शिकली होती. "हाँ आक्का, करमता है," म्हणत ती सटकायची. "मग तोंड का वाळलंय?" आक्का मागून ओरडायच्या.

करमत नाही, हे त्यांच्या लेखी पोटदुखीइतकं खरं दुखणं होतं. त्यावर त्या औषध सांगत नसत, कामाला लावत. जमीन विकून घरामागे जो तुकडा उरला होता, त्यात मेथी आणि पावटा असायचा. संध्याकाळी जो एकटा दिसेल त्याला जिन्यावर बसवून भाजी निवडायला लावायच्या. एका इंजिनियरनं काड्यांसकट मेथी टाकली, तर म्हणाल्या, "जनावराला टाकतुयास का माणसाला?" सगळे हसले, तोही हसला. त्या आता नाहीत. ते हसणं मात्र कानात आहे.

मी त्या जिन्यावर तोवर कधी बसलो नव्हतो. माझी नोकरी गेली होती आणि कऱ्हाडला बायकोला ते सांगायची हिंमत होत नव्हती. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचो आणि पौडच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. पण बसवायचंही नाही. उठायचो, वेळापत्रक वाचायचो, पुन्हा बसायचो. रोज फोनवर तिच्याशी खोटं बोलायचो आणि मग रात्रभर कूस बदलायचो.

एकदा तहसील कचेरीतलं काम उरकून आक्का स्टँडवर आल्या.

"अवो सायेब, कंपनी हितं हलवली व्हय?"

बाकावरची माणसं हसली. मी मीटिंगबद्दल काहीतरी बरळलो. त्या शेजारी टेकल्या. पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, "करमतंय का?"

"नाही," मी म्हणालो, आणि भर स्टँडवर मला रडू फुटलं. सगळं सांगितलं.

"घरला ठावं हाय?"

"नाही. तिला काय वाटेल..."

"तिला काय वाटायचं ते तिला वाटू द्या की. ते बी तुमीच वाटून घेताय व्हय?"

संध्याकाळी त्यांनी मला जिन्यावर बसवून पुढ्यात पावट्याच्या शेंगा ओतल्या. "मोकळ्या हातानं बोलाय गेलात तर भ्याल. सोलत बोला."

फोन कानाखांद्यात धरून मी सोलत राहिलो, सांगत राहिलो. बायको "इतके दिवस माझ्याशी खोटं?" म्हणून इतकी चिडली, की फोनच ठेवून दिला.

"चिडल्या?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"मग झ्याक. गप बसल्या असत्या तर भ्यायचं. सोला, त्याच करतील आता फोन."

फोन आला नाही. मी रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत होतो. सकाळी दारात रिक्षा थांबली आणि बायको उतरली. डोळे सुजलेले, हातात पिशवी.

"कुठं आहेत हे?" तिनं आक्कांना विचारलं.

"वर हायेत. आधी भांडून घ्या दोघं," आक्का म्हणाल्या, "मग च्या ठिवते."

आम्ही दुपारपर्यंत भांडलो.